कर्टेलवाले बाळारामभाऊ

आमच्याकडच्या हळदीला नुसतं जाऊन, जेवून परत येता येतं असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा येऊन बघावं. भिवंडीहून शेलार ओलांडलं की पुढच्या कुठल्याही गावात चालेल. मांडवाच्या कमानीखाली माणूस थबकतो, कॉलर नीट करतो, गळ्यातली चेन शर्टाबाहेर काढतो आणि उभा राहतो. कशासाठी? तर माइकवरून नाव येण्यासाठी. "आपल्या गावचे माजी उपसरपंच, तंटामुक्तीचे अध्यक्ष, क्रिकेटप्रेमी, भावी जिल्हा परिषद सदस्य श्रीमान अमुक अमुक यांचं सहर्ष स्वागत!" हे कानावर पडलं की मग उजवा पाय मांडवात. नाव आलं नाही तर माणूस तसाच मागं फिरतो आणि गाडीत जाऊन बसतो. बायको समजूत घालते, यजमान हात जोडत येतो, तरी हा काच वर करून बसलेला. शेवटी मटण न खाता निघून जातो. हळदीचं मटण सोडून जाणं म्हणजे केवढा अपमान झाला असेल, ते आमच्याकडच्याच माणसाला कळतं.

माझा मंडपाचा धंदा आहे. मांडव, खुर्च्या, सोफा, साउंड, सगळं आमचंच. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि बांबू उभारायला लागलो, त्याबद्दल माझ्या वडिलांना जे बोलायचं होतं ते बोलून झालंय, तुम्ही नव्यानं सुरू करू नका. पण या धंद्यामुळंच मी बाळारामभाऊंना जवळून पाहिलं. माइक माझा आणि आवाज त्यांचा, अशी आमची बरीच वर्षं गेली.

बाळारामभाऊ आमच्या पट्ट्यातले निवेदक. दिवसा मानकोलीच्या एका गोदामात लोडिंगचे सुपरवायझर, संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या मांडवात. माणूस बुटका, सावळा, पोट थोडं पुढं आलेलं. रस्त्यात भेटला तर वळून बघणार नाही कुणी. पण माइक हातात आला की मांडवातली पोरं पळायची थांबायची. माइकवर आधी स्वतःचा धुतलेला रुमाल गुंडाळायचा, खडीसाखरेचा खडा गालात सरकवायचा, "आई वज्रेश्वरी" असं पुटपुटायचं आणि सुरू. 'हॅलो, चेक' असलं काही त्यांनी कधी म्हटलं नाही. "माइक काय बहिरा हाय?" म्हणायचे. माइकवर त्यांची भाषा एकदम पुस्तकी, शुद्ध तुपातली. माइक खाली ठेवला की पुन्हा आपली हाय-न्हाय.

आणि डोकं! सगळ्या पट्ट्यातली पदं त्या डोक्यात होती. कोण आजी, कोण माजी, कोण नुसताच भावी. कुणाचं पद बदललं की तो माणूस भाऊंच्या घरी जाऊन सांगून यायचा. निवडणुकीत पडलेला एक सरपंच एकदा तोंड पाडून त्यांच्या ओटीवर बसला होता. "भाऊ, आता मना माजी बोलतील सगले." भाऊंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "येड्या, आजी पाच वर्सांचा असतंय. माजी जल्माचा असतंय. तुजंच बरं झालं." तो सरपंच हसत घरी गेला. ज्याला काहीच पद नव्हतं त्यालाही भाऊ रिकामा आत सोडत नसत. 'दोन गाळ्यांचे मालक', 'गावाचे लाडके जावई', काहीतरी चिकटवून देत. एक गृहस्थ तर पुकारून झाल्यावर मागच्या बाजूनं, आचाऱ्याच्या चुलीजवळून बाहेर पडले आणि वळसा घालून पुन्हा कमानीत येऊन उभे राहिले. भाऊंनी डोळ्याची पापणी न हलवता पुकारलं, "यांचं पुनश्च सहर्ष स्वागत!"

या सगळ्यात एका बाईचं नाव कधी आलं नाही. रंजनावहिनी, भाऊंची बायको. प्रत्येक हळदीला त्यांच्याबरोबर यायची आणि तडक चुलीवर जायची. तांदळाच्या भाकऱ्यांना तिच्यासारखा हात नव्हता कुणाचा. सगळी पंगत उठली की मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसून नवऱ्याचं संपायची वाट बघायची. कधीतरी चिडवायची, "सगल्या दुनियेचं नाव घेतंस, येकदा माजं घे की माइकवर." भाऊ म्हणायचे, "तुजं पद काय? आन तू काय पाव्हनी हायस?" ती पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसायचो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

तर तो शब्द. एके संध्याकाळी भाऊ गोदामातून थेट माझ्या दुकानात आले.

"बी.ए., कर्टेल म्हंजे काय रं?"

ते मला नावानं हाक मारत नसत, बी.ए. म्हणत. गावात पदाशिवाय कुणी राहू नये, हा त्यांचा कटाक्ष. झालं होतं असं, की गोदामात नवा मॅनेजर आला होता. त्यानं सगळ्यांना एका रांगेत उभं करून सांगितलं, "ओव्हरटाइम कर्टेल किया जा रहा है." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनीही वाजवल्या. आता घरी जाऊन बायकोला काय मिळालं म्हणून सांगायचं, हा प्रश्न होता.

"कमी करणे," मी सांगितलं.

"कमी म्हंजे रिड्यूस. त्यो शब्द मना ठावूक हाय."

"आखूड करणे."

"आखूड म्हंजे शॉर्ट. मंग त्या सायबानं ह्यो नवा कनाला काढला?"

बी.ए.ला मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर मी पास झालो नसतो. थोडा विचार करून म्हणालो, "भाऊ, लूमवर ताका लागलाय. मुळातच आखूड विणायचा ठरला असेल तर तो नुसता आखूड, त्यात कुणाचं काही गेलं नाही. पण विणणारा विणतोय, अजून बरंच कापड यायचंय, आणि मध्येच कुणीतरी कात्री घेऊन आला आणि इथपर्यंतच पुरे म्हणाला, तर ते कर्टेल. ज्याचं पुढं काही यायचं होतं, त्याचंच कर्टेल होतं."

"आन कात्री कोनाच्या हातान असतंय?"

"ज्याच्या हातात सत्ता त्याच्या. मॅनेजर ओव्हरटाइम कर्टेल करतो. ओव्हरटाइमला मॅनेजर कर्टेल करता येत नाही."

भाऊंनी मान डोलावली. टाळ्या वाजवल्याबद्दल स्वतःला एक कचकचीत शिवी घातली, चहा प्यायले आणि जाता जाता म्हणाले, "म्हंजे ह्यो शब्द मना जमंल. कात्री हाय कनं माज्या हातान."

ती कात्री म्हणजे माझा माइक, हे मला चार-आठ दिवसांत कळलं.

गावच्या मैदानावर टेनिस बॉलच्या क्रिकेटची फायनल होती. बक्षिसं द्यायला आमच्या भागातले एक माननीय आले होते. नाव सांगत नाही, मला अजून मंडप बांधायचेत. माननीयांनी क्रिकेटपासून सुरुवात केली आणि लहानपणावर आले. दोन्ही टीम उन्हात उभ्या. विकेटकीपरनं पॅड काढून डोक्यावर धरले. माननीय अजून चौथीतच होते. तेवढ्यात दुसऱ्या माइकवरून भाऊंचा तुपातला आवाज आला: "वेळेअभावी, माननीय साहेबांचे मौलिक विचार या ठिकाणी आपण कर्टेल करीत आहोत. जोरदार टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि माननीयांनी काय करावं? दोन्ही हात जोडून, चारी बाजूंना वळून नमस्कार केला आणि खुर्चीवर बसले. चेहरा असा, की आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपले विचार कर्टेल केले. त्यांना वाटलं असणार, छापून येणार बहुतेक.

पुढं तर कहर झाला. पुढच्या कार्यक्रमात एक माजी सभापती भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, "त्याचं कर्टेल केलंत, माझं का नाही? मी काय कमी आहे का?" भाऊंनी त्यांचंही केलं. मग सगळ्यांनाच हवं झालं. बाळारामभाऊंनी कर्टेल केलं नाही तर भाषण दखलपात्रच नाही, असं ठरून गेलं. पुढच्या सीझनच्या एका लग्नपत्रिकेत खाली छापून आलं: 'सूत्रसंचालन व कर्टेल: श्री. बाळारामभाऊ'. मी एकाला अर्थ समजावून सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "बी.ए., तू खुर्च्या मोज." भाऊंनी लांबून मला डोळा मारला.

लोक सुटले, हे खरं. भाषणं आवरायला लागली, जेवणं वेळेवर व्हायला लागली. आचारी भाऊंना वेगळी वाटी काढून ठेवायचे. मीही खूश होतो, माझी पोरं वेळेवर घरी जात होती. फक्त एका ठिकाणी ही कात्री चालायला नको होती, आणि तिथंच ती सगळ्यात जास्त चालली.

आमच्याकडे लग्नात भटजी नंतर आला. त्याच्या आधीपासून धवलारीण आहे. हळद कुटण्यापासून मांडव चढेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, ती म्हणते. आमच्या गावची धवलारीण म्हणजे भाऊंची थोरली बहीण, चांगुणाबाय. गावातच दिलेली, वरच्या आळीला. हळदीचा धवला म्हणजे आमंत्रण असतं. एकेकाचं नाव घेऊन मांडवाला बोलवायचं. पहिली गावदेवी, मग वेशीवरचा वेताळ, मग वज्रेश्वरी आई, एकवीरा आई, डोंगरावरचे, खाडीतले. देव सगळे येऊन बसले की मग त्या घरातली गेलेली माणसं. पणजा, आजा, आजी, आणि सगळ्यात शेवटी जे अलीकडे गेलं ते. "तुमी या, तुमी या मांडवाला," असं प्रत्येकाला. घाई नाही, गडबड नाही. देवाला काय दुसरा कार्यक्रम असतो?

आता बघा, बहीण करत होती तेच भाऊ करत होता. ती देवांना आणि मेलेल्यांना पुकारायची, हा माजी सरपंचांना. पण मांडव एक आणि वेळ तेवढीच. डीजेवाला वायर जोडून बसलेला, कमानीत पाहुण्यांची रांग, यजमान हातवारे करतोय. मग भाऊ जवळ जाऊन हळूच म्हणायचे, "बाय, कर्टेल." चांगुणाबाय असेल त्या ओळीवर थांबायची, हळदीचा हात पदराला पुसायची आणि उठायची. इंग्रजीतला तिला येणारा हा एकच शब्द, आणि त्याचा अर्थ तिनं मला कधी विचारला नाही. देव बहुतेक येऊन गेलेले असत. राहायची ती घरातली गेलेली माणसं, कारण त्यांची पाळी शेवटी. एकदाच तिला बोललेलं मी ऐकलं. "बाळ्या, तुजे पाव्हने गाडीतून येतात रं. माजे लांबून येतात." भाऊ म्हणाले, "पुढच्या येळेला बाय, पुढच्या येळेला." आणि माइककडं पळाले.

मग रंजनावहिनी गेली. पोटात दुखतं म्हणत होती, भाकऱ्या भाजत होती, दोन्ही एकदमच चाललेलं. दाखवलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्या दशक्रियेला नदीवर दीड-दोनशे माणूस. भाऊ मुंडण करून खाली बसलेले, म्हणून माइक दुसऱ्याच कुणाच्या हातात. श्रद्धांजलीला एकामागून एक उठले. प्रत्येकजण बोलला तो बाळारामभाऊंबद्दल, त्यांच्या आवाजाबद्दल, स्वतःचं भाषण त्यांनी कधी कर्टेल केलं होतं त्याबद्दल. कावळा पिंडाला शिवून उडून गेला तरी भाषणं चालूच. वहिनीचा उल्लेख येत होता तो 'भाऊंच्या सौभाग्यवती' असा. तिचं नाव त्या दिवशीही माइकवरून आलं नाही. मी साउंडपाशीच उभा होतो, नीट ऐकत होतो. भाऊ वाळूत बोट फिरवत बसले होते. एकदा वर मान करून माइककडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मला तेव्हा इतका संताप आला होता, की वायर उपटावी. उपटली नाही. पुढच्या कामाचा ॲडव्हान्स त्या भाषणवाल्यांतल्याच एकाकडून घेतलेला होता.

त्यानंतर भाऊ काही दिवस गोदामातून थेट घरी जायचे. मग सीझन आला, पुन्हा माइक हातात आला, पुन्हा सहर्ष स्वागत सुरू झालं. चांगुणाबायचं कर्टेलही सुरूच राहिलं. माणूस सवयीनं चालतो, दुसरं काय.

आणि मग पूनमचं लग्न ठरलं. भाऊंची एकुलती एक पोर, ठाण्याला नोकरीला. मी मांडवाचं माप घ्यायला गेलो होतो. चांगुणाबाय ओटीवर तांदूळ निवडत होती, भाऊ टेप धरून उभे होते. पूनम दारात येऊन म्हणाली, "पप्पा, एक सांगायचंय. आत्याचा धवला पूर्ण झाला पाहिजे. शेवटी आईचं नाव येतं ना, तिथपर्यंत. तुम्ही मध्ये कर्टेल केलंत, तर मी पाटावरून उठेन. हळद लावून घेणार नाही."

"न्हाय करनार," भाऊ म्हणाले.

"माझ्याकडं बघून सांगा."

भाऊंनी टेपकडं बघून सांगितलं. मला कारण ठाऊक होतं. पत्रिकेत माननीयांचं नाव सगळ्यात वर होतं, तेच ते, चौथीतले. ते येणार होते, पाच मिनिटं थांबून पुढच्या हळदीला जाणार होते. आणि भाऊंची गोदामातली ड्युटी त्यांच्याच शब्दावर होती. त्या गोदामाचं लोडिंग कुणाच्या माणसांनी करायचं हे मॅनेजर ठरवतो असं मॅनेजरला वाटतं, एवढंच सांगतो.

हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही पडदे लावत होतो. भाऊ खालून म्हणाले, "बी.ए., कर्टेलच्या उलटा शब्द काय रं?"

"एक्स्टेंड. वाढवणे."

"वाढवायचं न्हाय रं. कापलेलं परत जोडायचं, त्याला?"

मी शिडीवर उभा राहून बराच विचार केला. "तसा शब्द नाही भाऊ माझ्याकडं."

"मंग बी.ए. कनाला केलंस?" म्हणाले आणि निघून गेले. थोड्या वेळानं परत आले. "बायला येक माइक लाव उद्या. स्टँडवाला. चांगला लाव." इतक्या वर्षांत धवलारिणीला माइक लावायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

हळदीच्या संध्याकाळी दिवेलागणीलाच मांडव भरला. पूनम पाटावर बसली. समोर स्टँडवर माइक आणि त्याच्यापुढं चांगुणाबाय, हिरवं लुगडं नेसून. तिनं माइककडं एकदा संशयानं बघितलं आणि धवला सुरू केला. गावदेवी आली, वेताळ आला, वज्रेश्वरी आली. म्हातारीचा आवाज पातळ, पण स्पीकरमधून निघाला तो थेट रस्त्यापर्यंत गेला. बायका गप्प झाल्या. माजी सरपंच वगैरे मंडळींना भाऊंनी आधीच पुकारून बसवून टाकलं होतं. सगळ्यात पुढं आमचा लाल मखमली सोफा, पांढरा टॉवेल टाकून, माननीयांसाठी राखीव. भाऊ बाजूला उभे, हातात रुमाल गुंडाळलेला माइक, बटण बंद.

देव संपले. घरची माणसं सुरू झाली. पणजा आला, आजा आला, भाऊंचे आई-बाप आले. पूनमनं डोळे मिटले. आणि नेमका तेव्हाच रस्त्यावर गाड्यांचा सायरन वाजला.

कमानीपाशी गाड्यांचे दरवाजे धडाधड उघडले. माननीय खाली उतरले, कडक पांढऱ्या कपड्यात, हात जोडलेले, हसू तयार. फोटोवाला उलटा चालत आत आला. त्यांचा एक माणूस धावत भाऊंपाशी पोचला. "भाऊ, साहेब आले! पुकारा, पुकारा लवकर!"

सगळा मांडव भाऊंकडं बघायला लागला. चांगुणाबायनंही बघितलं. सायरन ऐकून, सवयीनं, ती आपली आपणच थांबली होती. पदराला हात पुसायलाही लागली. तिला सांगावंसुद्धा लागलं नाही. पूनम पाटावरून अर्धी उठली.

भाऊंचा अंगठा माइकच्या बटणावर होता. मी तो अंगठा बघत होतो. खरं सांगतो, मला वाटलं, हा माणूस आता दाबणार.

"भाऊ, कर्टेल करा ना म्हातारीचं, तुम्हीच तर करता!" तो माणूस कानात ओरडला.

भाऊंनी माइक खाली केला. माइकशिवायच बोलले, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "बाय, थांबलीस कनाला? म्हन. पुढं म्हन."

चांगुणाबायनं हातातला पदर सोडला. मग म्हणाली, आणि तिच्यापुढचा माइक चालू असल्यानं सगळ्यांनी ऐकलं, "तुटलं कनं रं बाळ्या. आता पयल्यापासना घ्यायला लागंल."

"घे. पयल्यापासना घे."

आणि म्हातारीनं गावदेवीपासून सुरू केलं!

आता माननीयांची काय अवस्था झाली असेल बघा. पुकारल्याशिवाय आत यायचं नाही, हा नियम ह्याच लोकांनी करून ठेवलेला. आत यावं तर न पुकारता शिरला म्हणून लोक हसणार. परत जावं तर सोफा समोर दिसतोय आणि फोटोवाला आत जाऊन बसलाय. ते कमानीखाली उभे राहिले. हात जोडलेले, थोड्या वेळानं खाली, मग पुन्हा जोडलेले. हसू तेवढं तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा नव्हती त्याला. मांडवात वेताळ आला, दोन्ही आया आल्या, खाडीतले आले, पणजा परत आला. माननीय बाहेरच. मागच्या रांगेत एक बाई फिसकन हसली आणि तिच्या सासूनं तिला चिमटा काढला. माजी सरपंच मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत होते. इतका आनंद त्यांना पद मिळालं तेव्हाही झाला नसेल.

आणि मग चांगुणाबायनं रंजनावहिनीचं नाव घेतलं. "रंजना गो बाय, तू ये, तू ये मांडवाला." एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं. पूनम बसल्या जागी हुंदके द्यायला लागली. धवला संपला. शांतता झाली, आणि त्या शांततेत माइकच्या बटणाचा टक् असा आवाज आला.

"याच गावच्या सूनबाई," भाऊ सुरू झाले, तोच शुद्ध तुपातला आवाज. "इथं बसलेल्या प्रत्येकाच्या हळदीला तांदळाच्या भाकऱ्या भाजणाऱ्या, शेवटच्या पंगतीला जेवणाऱ्या, आपल्या पूनमच्या मातोश्री, सौभाग्यवती रंजना बाळाराम या मांडवात आलेल्या आहेत. त्यांचं," आणि इथं त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. रुमालातला माइक तोंडापासून लांब धरला, खडीसाखर गिळली, परत जवळ आणला. "त्यांचं सहर्ष स्वागत. त्यांनी पुढच्या सोफ्यावर बसून घ्यावं, ही विनंती."

कुणी टाळी वाजवली नाही. बायका मात्र उठून उभ्या राहिल्या, एकेक करत सगळ्या. मग पुरुषही उठले.

नंतर भाऊंनी कमानीकडं बघितलं आणि माननीयांचं नाव घेतलं. नुसतं नाव, मागंपुढं एकही पद नाही. "आलेले आहेत. त्यांनी जेवून जावं." माननीय आत आले, सोफ्यापाशी पोचले. त्या टॉवेलकडं, मग उभ्या असलेल्या बायकांकडं बघितलं आणि बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले. एवढी अक्कल त्यांना होती, हे कबूल केलं पाहिजे. जेवले मात्र नाहीत.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊंची गोदामातली ड्युटी महिन्याभरात गेली. "कर्टेल झाली," म्हणाले, आणि या वेळी टाळ्या नाही वाजवल्या. आता वज्रेश्वरीच्या रस्त्याला चुलतभावाच्या दुकानात बसतात, नारळ-हार विकतात. त्या दिवसानंतर त्यांनी माइक हातात घेतला नाही आणि त्यांच्या हातात द्यायची कुणाची हिंमतही झाली नाही. आता मांडवांत एक पोरगा येतो, हॅलो चेक म्हणतो आणि मोबाइलवर बघून नावं वाचतो. भाषणं परत लांबलीत.

पण भाऊ म्हटलं की मला दुकानातले आठवत नाहीत. वरात गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मांडव सोडायला गेलो होतो, तेव्हाचे आठवतात. पडदे उतरलेले, आचारी गेलेला, जमिनीवर अक्षता आणि हळद तुडवलेली. रिकाम्या मांडवात भाऊ सोफ्यावर बसले होते. एका बाजूला, अगदी कडेला सरकून. टॉवेलाची दुसरी बाजू मोकळी ठेवलेली, तिला सुरकुतीसुद्धा नव्हती. हळू आवाजात काहीतरी बोलत होते. माइक नव्हता, म्हणून काय ते मला ऐकू आलं नाही. हाय-न्हाय तेवढं कळलं.

माझा माणूस टेम्पोचं फाळकं पाडून आला. "सेठ, सोफा लोड करूं? फिर जगह नहीं रहेगी."

"पहले खुर्सी भर," मी म्हणालो. "सोफा लास्ट में."